सरांच्या नावाचा जंत

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्यानं विचारलं, "मुलगी काय करते?" आई म्हणाली, "युनिव्हर्सिटीत आहे, सायन्सला." आत्यानं पुढे विचारलं, "सायन्समध्ये काय?" त्यावर आई म्हणाली, "पोहे घ्या ना अजून." मला गप्प बसवेना. म्हटलं, "मी जंतांवर काम करते. माशांच्या आतड्यातल्या." आत्यांनी बशी खाली ठेवली. मुलानं मात्र आणखी पोहे मागितले, आणि मी त्याच्याशी लग्न केलं. आमच्या शास्त्रात कृमी ज्याच्या पोटात राहतो त्या प्राण्याला यजमान म्हणतात, आणि आमच्या घरात बायका नवऱ्याला. हा विनोद मी जन्मभर भाषणांत केला आणि आमचे यजमान दरवेळी पहिल्या रांगेत बसून हसले. सहनशील माणूस.

लोकांना वाटतं आम्ही जंतांवर औषध शोधतो. छे. औषध डॉक्टर देतात, जंत पडतात, आणि पडलेला जंत कोणता हे सांगायला आम्ही. कोणता कृमी कोणाच्या पोटात राहतो, कुठे चिकटतो, त्याच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं पाण्यात कुठल्या गोगलगायीत शिरतात, तिथून माशात कशी येतात, हे बघण्यात माझी सगळी हयात गेली. उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी सुरुवातीला तासभर समजावायची. पुढे पुढे मी त्यांनाच विचारायला लागले की तुमचा काय उपयोग. त्यानंतर बोलणं लवकर संपायचं.

बडोद्याच्या मासळी बाजारात कांताबेन नावाची एक कोळीण होती. तिच्याकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "मासा नको, फक्त आतडी द्या." तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. गळ्यात मंगळसूत्र, खांद्याला पर्स, पायात बऱ्यापैकी चपला, आणि मागणी आतड्याची. शेजारणीला ती गुजरातीत म्हणाली, "बिचारीचा नवरा काही आणत नसेल." आणि मला मरळ माशाचे दोन तुकडे फुकट बांधून दिले. मी नको नको म्हणत होते तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "शरमाशो नहीं, बेन." पुढे कितीतरी वर्षं तिनं माझ्यासाठी आतडी वेगळी काढून ठेवली, पण मी शिकवते यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

आणि घरी येणारे रुग्ण. वासणा भागातल्या आमच्या सोसायटीत पाटी लावली नव्हती तरी बातमी पसरली होती. सकाळी सकाळी कोणीतरी लोणच्याच्या बरणीत काहीतरी घेऊन दारात उभं. शेजारच्या जशुबेन एकदा नातवाच्या पोटातून 'साप' पडला म्हणून बरणी घेऊन आल्या. मी बघितलं. केळ्याच्या गरातले काळसर दोरे होते, न पचलेले. "केळं खाल्लं का त्यानं?" म्हटलं. "रोज खातो." "तेच आहे." जशुबेनना हे अजिबात आवडलं नाही. आठवडाभर नात्यागोत्यात फोन झाले होते, आणि आता साप नसून केळं आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मला म्हणाल्या, "तुम्ही माशाचे डॉक्टर, तुम्हाला माणसाचं काय कळणार." बरणी घेऊन गेल्या. बरणी माझी होती.

हे झालं बाहेरच्यांचं हसं. आता आमचं.

आमच्या विषयात मोठं होण्याचा एकच राजमार्ग होता, नवी जात शोधणं. जात म्हणजे प्राण्याची, प्रजाती म्हणतात ती. आमच्या काळात नवी जात न सापडलेला विद्यार्थी सापडत नसे. नियमही ठरलेले. पहिली जात मार्गदर्शकाच्या नावानं. दुसरी मार्गदर्शकाच्या पत्नीच्या नावानं. मुदतवाढ हवी असेल तर तिसरी डीनच्या नावानं. माझ्या एका सहकाऱ्यानं बेडकाच्या फुफ्फुसातल्या कृमीला आमच्या सरांच्या पत्नीचं नाव दिलं आणि पेढे घेऊन घरी सांगायला गेला. सुनंदावहिनींनी विचारलं, "कुठे सापडली म्हणायची मी?" तो म्हणाला, "फुफ्फुसात." वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. तुमच्या सरांचे सगळे पोटात असतात."

सर म्हणजे करंबेळकर सर. माझे मार्गदर्शक. जुन्या बडोदेकर घराण्यातले, आजोबा दरबारात कारभारी. सर प्रयोगशाळेत यायचे ते इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि जातानाही इस्त्री तशीच असायची, कारण आतडी कापायला आम्ही होतो. त्यांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून पाच कृमी जगात फिरत होते. सहावा मी लावला. मरळीच्या आतड्यातला एक चपटा कृमी, नखाएवढा.

ही जात कशी सापडली ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चपटा कृमी जिवंत असताना सारखा आखडतो, पसरतो. त्याला दोन चूषक असतात, म्हणजे चिकटायच्या वाट्या, एक तोंडाशी आणि एक पोटावर. त्या दोन वाट्यांमधलं अंतर, अंगाची रुंदी, आतले अवयव कुठे आहेत, यावरून जात ठरते. मोजायचं तर तो स्थिर आणि पारदर्शक हवा. म्हणून त्याला आधी गार पाण्यात ठेवून सैल करायचं, मग दोन काचांमध्ये हलकेच धरायचं, आणि मग औषध सोडून मारायचं. यात 'हलकेच' हा शब्द महत्त्वाचा. जोरात दाबलं तर कृमी पोळीसारखा पसरतो, वाट्या लांब जातात, अवयव सरकतात, आणि ओळखीचा प्राणी अनोळखी दिसायला लागतो.

आमच्या प्रयोगशाळेची रीत मात्र जोरात दाबण्याची होती. सरांना आकृती स्वच्छ लागायची. "आतलं सगळं दिसलं पाहिजे," असं ते बजावायचे. मी तर पुढची शहाणी. काचांवर ठेवायला घरून पितळी खल आणला होता, चांगला जडशीळ. शनिवारी तो परत न्यायची, कारण रविवारी आईला श्रीखंडासाठी वेलदोडे कुटायला लागायचे. धुऊन न्यायची हो. आईला कधी सांगितलं नाही.

त्या खलाखाली माझी नवी जात जन्माला आली. रुंद, देखणी, दोन्ही वाट्या ऐटीत दूर दूर. मी शोधनिबंध लिहिला, त्यात 'हलक्या दाबाखाली' असं लिहिलं, कारण सगळेच तसं लिहितात. सरांचं नाव दिलं. तिच्यावर मला पीएच.डी. मिळाली, नोकरी मिळाली, आणि सरांना विभागप्रमुखपद. सरांनी निजामपुऱ्यातल्या घरी दिवाणखान्यात तिची माझ्या हातची आकृती काचेच्या चौकटीत लावली. पाहुण्यांना वाटायचं आंब्याची कोय आहे.

वर्षं गेली. मी विद्यार्थ्यांना शिकवायला लागले तेव्हा पद्धती सुधारल्या होत्या. गार पाणी, हलका दाब, सगळं मी काटेकोर शिकवायची. आपली जुनी आकृती मात्र परत कधी तपासली नाही. खरं सांगायचं तर तपासावीशी वाटली नाही, आणि का वाटली नाही हेही मला चांगलं ठाऊक होतं.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी माझ्याकडे एक मुलगी होती, हेतल. गोरवा भागात राहायची, वडील कारखान्यात फिटर. कमी बोलायची आणि बोलली की अडचणीत आणायची. मी तिच्याशी गुजरातीतच बोलायची, इथे मराठीत लिहिते. तिला विषय दिला मरळीतल्या कृमींचा. तिनं तीन वर्षांत इतक्या मरळी कापल्या की तिच्या घरचे तिला दारातच अंघोळ करायला लावून आत घ्यायचे. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आपली जात मला मिळत नाही."

"नीट बघ."

"बघितलं. जुनी, सगळ्यांना माहीत असलेली मिळते. आपली एकदाही नाही."

"दुर्मिळ असेल."

ती गेली. पंधरा दिवसांनी परत आली. या वेळी हातात वही. "मॅडम, मी तुमचा निबंध परत वाचला. रुंदी वेगळी आहे, वाट्यांतलं अंतर वेगळं आहे. पण अंड्यांचं माप तंतोतंत जुन्या जातीचं आहे." मग म्हणाली, "अंडं सहसा पसरत नाही ना, मॅडम? कवच असतं त्याला."

इतकी साधी गोष्ट. मी स्वतः ती अंडी मोजली होती.

"तुम्ही दाब किती दिला होता?" तिनं विचारलं.

"हलका."

"हलका म्हणजे किती, मॅडम?"

मी तिला खलाबद्दल सांगितलं. ती हसली नाही, आणि हसली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या जातीचे काही कृमी घेतले, अर्धे हलक्या दाबाखाली ठेवले आणि अर्ध्यांवर खलाएवढं वजन ठेवलं. संध्याकाळी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. पहिल्या काचेत जुनी जात. दुसऱ्या काचेत माझी. तीच रुंदी, त्याच ऐटीतल्या वाट्या. म्हणजे ज्या प्राण्यावर माझी पदवी आणि नोकरी उभी होती, तो प्राणीच नव्हता.

"आ तो एज छे," हेतल हळूच म्हणाली. हा तर तोच आहे.

आता एखादा सरळ माणूस म्हणाला असता, शाबास पोरी, लिही. तिच्या प्रबंधातलं ते सगळ्यात मोलाचं प्रकरण झालं असतं, तिनं लिहूनही आणलं होतं, बारा पानं, एक शब्द जास्त नाही. पण दीड महिन्यावर सरांच्या नव्वदीचा सत्कार होता. सगळे जुने विद्यार्थी येणार होते. संयोजक मी. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर कोणती आकृती होती ते सांगायला नकोच. छापून झाली होती.

मी हेतलला म्हटलं, "हे प्रकरण सध्या बाजूला ठेव. पुढे वेगळा निबंध करू."

"पुढे म्हणजे कधी?"

"सर म्हातारे आहेत गं. या वयात त्यांना धक्का द्यायचा का?"

तिनं बारा पानं परत घेतली. मग म्हणाली, "मरळीत सापडलेल्या कृमींची यादी प्रबंधात आहे. तिथे काय लिहू?"

"पहिल्यापासून आहे तसं."

"सापडली असं लिहू?"

मी खिडकीकडे बघत म्हटलं, "लिही."

तिनं लिहिलं. न सापडलेली जात सापडली असं, स्वतःच्या सहीनं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्या ओळीवर खूश झाले. गुरूच्या गुरूंची जात शिष्येला पुन्हा सापडते, याला परंपरा म्हणतात, असं काहीतरी ते बोलले. हेतलनं माझ्याकडे बघितलं. मी चहा मागवला.

त्याआधी सत्कार झोकात झाला होता. शाल, श्रीफळ, नव्वद दिव्यांचं तबक, आणि 'ज्यांच्या नावे सहा जीव अमर आहेत' असं निवेदक दोनदा म्हणाला. पण मला झोप लागेना. काही महिन्यांनी मी निजामपुऱ्यात सरांच्या घरी गेले. वहिनी आत होत्या. मी चौकटीकडे पाठ करून बसले आणि सगळं सांगितलं. खल, दाब, अंडी, सगळं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू आकृती आणलीस त्याच दिवशी. अंडी बघितली मी."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तुझी शिष्यवृत्ती संपत आली होती. माझी बढतीची मुलाखत होती. दोघांचं भागत होतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. "पुढे वाटायचं, कोणीतरी शोधून काढेल. तू काढशील असं वाटायचं. कोणी काढलं म्हणालीस? तुझ्या मुलीनं? हुशार दिसते. तिचा प्रबंध पाठव मला. ते प्रकरण वाचायचंय."

"ते प्रकरण मी काढायला लावलं, सर. तुमच्यासाठी."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "माझ्यासाठी कशाला? मी तर माझ्यासाठीच गप्प बसलो होतो. निदान तेवढं तरी खरं बोल."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी चहा न पिता उठले. चौकटीतली आकृती खाली काढू का, असं दारात विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, चित्र बरं आलंय." त्यांना विनोद करता येत होता. मला घरी पोचेपर्यंत रडू आवरलं नाही.

त्याच संध्याकाळी हेतलला फोन केला. तोवर तिला आणंदच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. मी म्हटलं, "आपण निबंध छापू. पहिलं नाव तुझं. ती जात रद्द करू."

ती म्हणाली, "मॅडम, माझं नाव नको."

"अगं, काम तुझं आहे."

"माझ्या प्रबंधात मीच लिहिलंय की ती सापडली. निबंधात लिहायचं की ती नाहीच. दोन्ही कागद कोणी शेजारी ठेवले तर? नोकरी त्या प्रबंधावर आहे. घरी आता माझाच पगार येतो." आवाजात राग नव्हता.

"आभारात तरी नाव घालते."

"आभारात लिहिलं तरी लोक विचारतील कशाबद्दल," ती म्हणाली. "तुमच्या एकटीच्या नावानं छापा. खरं छापलं जाईल ना, तेवढं बस आहे."

छापला. माझ्या एकटीच्या नावानं. स्वतः शोधलेली जात स्वतःच रद्द करणारा निबंध आमच्या विषयात सहसा कोणी लिहीत नाही. त्यामुळे जो काही गवगवा झाला म्हणता. कौतुकाचे संदेश, फोन. तरुण प्राध्यापक वर्गात माझं उदाहरण देतात म्हणे. इथल्या एका मराठी मंडळानं प्रामाणिकपणाबद्दल सत्कार केला. शाल, श्रीफळ, तोच निवेदक. 'स्वतःची चूक स्वतः शोधण्याचं धैर्य,' असं तो म्हणाला, दोनदा. मला माईक दिला. मी आभार मानले आणि बसले. खरं बोलले असते तर टाळ्या माझ्या गेल्या असत्या, त्याचं काही नाही, पण नोकरी हेतलची गेली असती. यजमान पहिल्या रांगेत होते. या वेळी ते हसले नाहीत.

मग या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, कामाच्या आठवणी लिहा म्हणून. मी ठरवलं, आता तरी लिहायचं. लिहिलं आणि हेतलला फोनवर गुजरातीत वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जशुबेनच्या बरणीला ती खळखळून हसली. शेवटी म्हणाली, "छान आहे. छापा. फक्त मला ओळखता येईल असं काही ठेवू नका."

म्हणून हेतल हे तिचं नाव नाही. ती गोरव्याची नाही आणि आणंदला नाही. मासा मरळ नाही. सरांचं आडनावही बदललंय आणि लेखाखाली माझं नाव घातलेलं नाही, कारण नावावरून निबंध सापडेल, निबंधावरून मासा आणि माशावरून ती. शोध तिचा आहे, एवढंच सांगायला मी हा लेख लिहायला घेतला होता, आणि ती कोण हे मला सांगता येत नाही.